दगडातल्या वाटा बघणाऱ्या अहिरे मॅडम

मुलाखतीला गेले तेव्हा अहिरे मॅडमनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. टेबलावरचा एक तपकिरी दगड उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जिभेला लाव."

मी पदार्थविज्ञानात एमएस्सी झालेली. प्रकाश, भिंगं, कॅमेरे यांवरच्या प्रश्नांची तयारी करून आले होते. मी दगडाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "धुतलेला आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या शेजारी बसलेले दुसरे परीक्षक खिडकीबाहेर बघत होते. त्यांना हा प्रकार नवीन नसावा. मी दगड जिभेच्या टोकाला लावला आणि तो चिकटला. चक्क ओढून काढावा लागला.

"का चिकटला?"

"ओलावा शोषला म्हणून."

"कुठे शोषला? हा तर भरीव दिसतो."

"आत भोकं असणार. बारीक."

"एकमेकांना जोडलेली आहेत का सुटी?"

"माहीत नाही."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की जणू मी फार मोठं उत्तर दिलं होतं. "पुढच्या सोमवारपासून ये. बघू या."

अशी मी त्यांच्या प्रयोगशाळेत लागले. नाशिकमधल्या एका कॉलेजात त्या भूगर्भशास्त्र शिकवायच्या. पूर्ण नाव डॉ. इंदुमती अहिरे. माहेर देवळा तालुक्यातलं, सासर पंचवटीत. नवरा दिनकरराव, त्यांचं भाजीबाजाराजवळ बी-बियाण्यांचं दुकान. मॅडम बुटक्या, सुती साडी नेसायच्या आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोरीला अडकवलेलं एक छोटं भिंग असायचं. बाजारात कोथिंबीर घेतानाही त्या भिंगातून पानाच्या मागची बाजू बघायच्या. मावा आहे का ते बघत असाव्यात असं भाजीवाल्यांना वाटायचं. खरं तर त्या नुसत्याच बघत असायच्या.

वर्गात त्यांचं मराठी पुस्तकासारखं असे. पण सूक्ष्मदर्शकाखाली काही हललं की त्यांची माहेरची अहिराणी वर यायची. "देख, देख, कसा जाई राहिना," म्हणजे बघ कसा चाललाय, असं त्या पाण्याच्या थेंबाला उद्देशून म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं खोलीत कोणी पाहुणा आला आहे.

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं. जमिनीत मुरलेलं पाणी दगडाच्या आतल्या केसाहून बारीक वाटांनी पुढे जातं. जाताना ते दगडातलं काही विरघळवतं, काही सोडून देतं. कुठे वाट रुंद होते, कुठे बुजते. हे सगळं जमिनीच्या पोटात, अंधारात चालतं, म्हणून कोणाला दिसत नाही. मॅडमना ते बघायचं होतं. दगडाची चकती घासून घासून इतकी पातळ करायची की तिच्यातून उजेड आरपार जावा. ती दोन काचांच्या मध्ये बसवायची, कडा पक्क्या बंद करायच्या, दोन टोकांना सुईएवढ्या नळ्या जोडायच्या. एकीकडून पंपाने पाणी अगदी सावकाश ढकलायचं, दुसरीकडून बाहेर येऊ द्यायचं. वर सूक्ष्मदर्शक, त्यावर कॅमेरा. एवढीशी काच, पण तिच्यात जमिनीखाली जे चालतं ते उघड्यावर चालायचं. या काचेला सगळीकडे चिप म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. मॅडम मात्र घरी दिनकररावांना सांगताना "आमची खिडकी" म्हणायच्या.

चकती घासायचं काम त्या कोणाला देत नसत. काचेच्या पाटावर घासायची पूड आणि पाणी घालून, त्यावर दगड गोल गोल फिरवत बसायच्या. यंत्र होतं, पण यंत्राला दगड कुठे मऊ लागला ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझं काम उजेडाचं आणि कॅमेऱ्याचं. सुरुवातीला मी फार उत्साही होते. पडद्यावर काही दिसलं की लगेच त्याचा अर्थ सांगायला लागायचे. एकदा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रेवती, काय दिसलं ते आत्ता सांग. काय वाटलं ते चहाच्या वेळी." तेव्हापासून आमच्याकडे तसाच नियम झाला. चहाच्या वेळी वाट्टेल ते बोलायची मुभा, आणि त्या चहात मॅडमच सगळ्यांत जास्त कल्पना लढवायच्या. पण सूक्ष्मदर्शकासमोर "पांढरं, लांबट, कड धूसर" एवढंच. "आधी बघ, मग नाव दे," त्या म्हणायच्या. "नावं ठेवायला काय, सगळेच असतात."

एका सकाळी आम्हाला एक गंमत सापडली. पारदर्शक रबराच्या नळीत मॅडमनी कॅल्साइटचा एक इवलासा खडा बसवला होता. कॅल्साइट म्हणजे चुन्याचं खनिज, आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरं साठलेलं असतं ते. त्यावर पातळ अॅसिड सोडलं की तो विरघळणार आणि वायूचे बुडबुडे निघणार, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. खडा विरघळायला लागला. बुडबुडे निघाले. मग ते एकत्र आले, खड्याभोवती एक पातळ पडदा झाला आणि विरघळणं जवळजवळ थांबलं. अॅसिड बाजूने वाहत होतं, खडा मध्ये कोरडा बसला होता.

"पंप बंद पडला का?" मी विचारलं.

"पंप चालू आहे. काय दिसतंय ते सांग."

"खड्याभोवती वायू आहे. अॅसिड पोचत नाही."

मॅडम पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांच्या श्वासाने काचेवर वाफ धरली. "म्हणजे त्याच्यातूनच निघालेल्या वायूने त्याला झाकलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पंपाचा वेग जरा वाढवला. पडदा थरथरला, एका बाजूने फाटला, आणि खडा पुन्हा झिजू लागला. वेग कमी केला की पुन्हा झाकला. दुपारचा डबा खायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशीही त्या तेच करत बसल्या, आणि मला म्हणाल्या, हे इतर ठिकाणच्या लोकांनीही बघितलेलं असणार, शोधलंस तर सापडेल. मी शोधलं, सापडलं. त्यांना त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. "मग तर बरंच झालं. त्यांना दिसलं तेच आपल्याला दिसलं. म्हणजे खिडकी बरी झाली आहे."

त्याच सुमारास त्यांच्या माहेरगावाहून चुलतभाऊ पोपटराव आले. ते गावचे सरपंच. उंच, सडसडीत माणूस, बोलताना टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची सवय. गावाच्या पिण्याच्या पाण्याची एकच मोठी बोअरवेल होती आणि तिचं पाणी वर्षभरात खूपच उतरलं होतं.

"पाऊस तर चांगला झाला, आक्का," ते म्हणाले. "शेजारच्या विहिरींना पाणी हाय. बोअरलाच येत नाय. आत कॅमेरा सोडला, तर भेगांच्या तोंडाशी पांढरं पांढरं बसलंय."

"कसं पांढरं?"

"ठिबकच्या नळ्यांत बसतं तसं. आम्ही ठिबकला अॅसिड सोडतो, मोकळं होतं. तसं बोअरला सोडलं तर? गावात लय जण म्हणताय सोडा. म्हटलं, आधी तुला विचारावं."

त्यांनी पंपाच्या पाइपाला लागलेल्या पांढऱ्या थराचे तुकडे कागदात बांधून आणले होते. मॅडमनी त्यावर अॅसिडचा थेंब टाकला. जोरात फसफसलं. मग त्यांनी पोपटरावांना पडद्यापाशी नेलं आणि आमच्या खड्याची गंमत दाखवली. नुसतं अॅसिड ओतून ठेवलं तर ते आपल्याच वायूने अडेल, म्हणून थोडं थोडं सोडायचं, मधे मधे पाणी ढवळायचं, मग उपसून टाकायचं, असं त्यांनी नीट समजावलं. पोपटराव खूश झाले. जाताना म्हणाले, "आमच्या आक्काने दगडाचं पोट फाडून दाखवलं."

माहीतगार माणसांकडून गावाने ते काम मॅडमनी सांगितलं तसंच करून घेतलं. पहिला उपसा फेकून दिल्यावर पाणी जोरात आलं. पोपटरावांनी फोनवर त्या पाण्याचा आवाज ऐकवला. गावात नारळ फुटला. मॅडमनी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे दिले. स्वतःसाठी काही साजरं करताना मी त्यांना तेवढंच पाहिलं.

पण पोळा होईपर्यंत पाणी आटत गेलं. आधी होतं त्याहूनही कमी झालं, आणि मग मोटार सुरू केली की नुसती हवा. टँकर सुरू झाला. पोपटरावांचा फोन आला तेव्हा मी समोरच होते. ते रागावले नव्हते. ते फक्त म्हणाले, "आक्का, बोअर बसली."

मॅडम फोन ठेवून टेबलावरची पूड बोटाने गोळा करत राहिल्या. ग्रामसभा ठरली होती. दिनकररावांचं मत होतं की जाऊ नये. ते संध्याकाळी मॅडमना न्यायला आले तेव्हा म्हणाले, "अगं, तू सल्ला दिलास. काम त्यांनी केलं. फोनवर सांग की तपास चालू आहे. माहेरच्या गावात उभं राहून बोलणी कशाला खायची?"

"बोलणी खायला नाही जायचं," मॅडम म्हणाल्या. "मला तिथला दगड हवाय. तो फोनवर मिळत नाही."

मी बरोबर गेले. कांद्याच्या चाळी, मक्याची शेतं, आणि गावाच्या मधोमध मारुतीच्या पारासमोर सतरंजी. मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी प्रस्तावना केली नाही.

"अॅसिड सोडा असं मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "पोपटने विचारलं होतं, ठरवलं मी. माझं चुकलं. का चुकलं ते मला अजून माहीत नाही."

मग पुढे बसलेली एक म्हातारी बाई म्हणाली, "आक्का, तू शिकेल शे, म्हणून आम्हीन तुनं ऐकं." त्या आवाजात ओरडा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. तिच्या मागून एका तरुण सुनेने विचारलं, "टँकर एक दिवसाआड येतो. मग आम्ही काय करायचं?"

"आज माझ्याकडे उत्तर नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या थराचा दगड मिळाला तर शोधते. तोवर टँकर रोज यावा म्हणून पोपटबरोबर मीही तालुक्याला जाते."

त्या खरंच गेल्या. आणि त्याआधी दगड घेतला. बोअरशेजारच्या एका जुन्या विहिरीच्या भिंतीत तोच थर उघडा पडला होता. पोपटराव म्हणाले, मी माणूस उतरवतो. मॅडमनी पदर खोचला, बुटाच्या नाड्या घट्ट केल्या आणि विहिरीच्या दगडी पायऱ्यांवरून भिंतीला हात लावत स्वतः खाली गेल्या. खालून बराच वेळ हातोडीचा आवाज येत होता. वर आल्या तेव्हा साडीला चिखल, आणि हातात दगडाचा ओला तुकडा, त्यात पांढऱ्या पोकळ्या. परतीच्या गाडीत तो तुकडा मांडीवर ठेवून त्या भिंगाने बघत होत्या. मला वाटलं होतं त्या खचल्या असतील. चांदवड मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "रेवती, चुकलं ते चुकलंच. पण कसं चुकलं हे कळल्याशिवाय मला झोप लागणार नाही. आणि खरं सांगू का, ते कळायची मला फार उत्सुकताही आहे. हे गावात बोलता येत नाही. तुला सांगते."

या वेळी स्वच्छ खडा नव्हता. त्या ओल्या तुकड्याचीच चकती केली, जशी होती तशी, माती, काळा पाषाण, पांढऱ्या पोकळ्या, सगळ्यासकट. घासताना ती दोनदा फुटली. तिसरी टिकली. काचेत बसवून पंप लावला, आणि गावात वापरलं होतं तसं अॅसिड सोडलं.

आधी सगळं ओळखीचं. कॅल्साइट फसफसून विरघळलं, वाटा मोकळ्या झाल्या, पाणी भरभर पुढे सरकलं. मी म्हणाले, "हे तर आपल्या अंदाजाप्रमाणेच आहे."

"चहाच्या वेळी," मॅडम म्हणाल्या.

मी बघत राहिले. एका पोकळीच्या कडेला पांढऱ्या सुया होत्या, पंख्यासारख्या पसरलेल्या. त्यांच्यावरचं कॅल्साइट आता निघून गेलं होतं आणि अॅसिड थेट त्यांच्यापर्यंत पोचत होतं. सुयांची टोकं धूसर झाली. मला वाटलं फोकस हलला. मी तो नीट केला, पण टोकं धूसरच. मग अख्ख्या सुया फुगल्यासारख्या झाल्या, त्यांच्या कडा नाहीशा झाल्या, आणि तिथे साबुदाणा शिजल्यावर होतो तसा एक पारदर्शक गोळा उरला.

"काय दिसतंय?" मॅडमनी विचारलं. त्यांना दिसत होतं, तरी विचारलं.

"सुया होत्या. आता खळीसारखं काहीतरी आहे. ते सरकतंय." ते पाण्याबरोबर सरकलं, पुढच्या अरुंद वाटेच्या तोंडाशी आलं आणि तिथे बसलं. मागून दुसरं आलं. पाणी थांबलं. नुकतीच मोकळी झालेली वाट आमच्या डोळ्यांसमोर बंद झाली.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "स्कोलेसाइट," त्या म्हणाल्या. "आपल्या दगडांतलं एक खनिज. अॅसिडमध्ये त्याची खळ होते. पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं आहे. मी दर वर्षी मुलांना परीक्षेत विचारते." मग म्हणाल्या, "मला माहीत होतं गं. पण त्या खड्याचं चित्र इतकं स्वच्छ होतं की त्यात काय नाही, हे मी विचारलंच नाही. ठिबकच्या नळीत फक्त क्षार असतो. दगडात दगड असतो."

पोपटरावांनी आणलेले तुकडे पाइपावरचे होते, आणि पाण्याबरोबर वर येऊन पाइपाला बसलं ते सगळं कॅल्साइटच होतं. सुया आत भेगांमध्ये राहिल्या होत्या. एका थेंबाने फसफसलेलं पांढरं बघून मॅडमनी न बघितलेल्या पांढऱ्यालाही तेच नाव दिलं होतं. हे त्यांनी स्वतःच चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं.

आता प्रश्न होता ती खळ काढायची कशी. आम्ही पाण्याचा जोर वाढवला तर ती अरुंद तोंडात आणखी घट्ट बसली. मॅडमनी पंप बंद केला, नळ्या उलट्या जोडल्या आणि पाणी मागच्या बाजूने आणलं. गोळा जरासा मागे सरकला, पुन्हा अडला. मग त्यांनी एकसारखं पाणी सोडायचं थांबवलं. एक हिसका पुढे, एक मागे, पुन्हा पुढे. दाताच्या फटीत अडकलेलं जिभेने काढतात तसं. गोळ्याला चिरा पडल्या आणि त्याचे तुकडे बाहेर वाहून गेले. एक चिप मुद्दाम काही दिवस तशीच कोरडी ठेवून पाहिली, तर तिच्यातली खळ वाळून काचेसारखी कडक झाली होती आणि कशानेच हलेना. म्हणजे गावाला फार वेळ नव्हता.

त्याच आठवड्यात पोपटरावांनी कॉम्प्रेसरवाल्यांना बोलावलं. हवा एका दमात सोडायची नाही, थांबून थांबून, पाणी खालीवर होईल अशी सोडायची, हे मॅडमनी त्यांना हाताने हिसके देऊन समजावलं. कॉम्प्रेसरवाल्याला ते पटलं नाही. "मॅडम, एकाच धक्क्यात निघतं बघा." मॅडम म्हणाल्या, "एका धक्क्यात आम्ही करून पाहिलं. आत जाऊन बसतं. तुम्ही माझं ऐका, नाही जमलं तर तुमचं ऐकू." ते तसंच सुरू झालं. मॅडम मोटारीच्या खोलीच्या सावलीत दगडावर बसून बोअरच्या तोंडाकडे बघत होत्या. आधी गढूळ पाणी उडालं, मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने भाताच्या पेजेसारखं पांढरट, बुळबुळीत काहीतरी बाहेर आलं. मॅडम उठून धावल्या आणि त्यात हात घालून बोटांत चोळून बघायला लागल्या. पोपटरावांनी टोपी काढली.

पाणी आलं. पाण्याची तपासणी होईपर्यंत कोणी प्यायचं नाही, असं मॅडमनी स्वतः घरोघर सांगितलं. त्या तरुण सुनेच्या घरी सगळ्यांत आधी गेल्या. पाणी पूर्वीइतकं झालं नाही, ते सांगायला हवं. दोन वस्त्यांना आळीपाळीने पुरेल एवढं झालं. पोपटराव म्हणाले, "आक्का, आता बोअरला औषध नको."

"नको," मॅडम म्हणाल्या. "आता पथ्य. कमी उपसा आणि वरून मुरवा."

त्यानंतर दर वर्षी नव्या मुलांना त्या दोन चित्रं दाखवायच्या. आधी स्वच्छ खड्याचं, मग विहिरीतल्या दगडाचं. पहिल्याचं कौतुक झालं की म्हणायच्या, "हे चित्र बघून मी एका गावाचं पाणी घालवलं." मुलं हसायची, मग दुसरं चित्र पुन्हा बघायची. "चित्र फार स्वच्छ आलं की जरा घाबरायचं," हे त्यांचं वाक्य मी आता माझ्या तोंडूनही ऐकते.

निवृत्तीनंतरही त्या येत राहिल्या. कॉलेजने प्रयोगशाळा माझ्याकडे दिली, त्यांची खुर्ची तिथेच राहिली. मग त्यांना पोटाचं दुखणं जडलं. शस्त्रक्रिया झाली, औषधं सुरू झाली, वजन उतरलं. बूट सैल पडतात म्हणून त्या जाड मोजे घालून यायच्या. दुखण्याबद्दल बोलायच्या नाहीत. एकदा मात्र म्हणाल्या, "डॉक्टरांना मी विचारलं, हे आत कसं पसरतं, कोणत्या वाटेने जातं. त्यांना वाटलं मी घाबरले आहे. त्यांनी मला धीर दिला." आणि त्या मनापासून हसल्या.

द्राक्षांच्या छाटण्या चालू होत्या तेव्हा त्यांनी एक नवा प्रयोग लावला. काळ्या पाषाणाच्या चकतीतून कार्बन डायऑक्साइड वायू मिसळलेलं पाणी अगदी हळू सोडायचं. पाणी पाषाणातून थोडं कॅल्शियम सुटं करील, ते त्या वायूशी जुळेल, आणि पोकळीत कुठेतरी नवं कॅल्साइट धरेल. हवेतला नको असलेला वायू असा दगडात कायमचा कोंडता येईल का, यावर जगभर खटपट चालू आहे. मॅडमना त्यातला एकच छोटा प्रश्न पडला होता. पहिला स्फटिक नेमका कुठे धरेल?

"वाटेच्या कडेला कोपरे आहेत ना, जिथे पाणी रेंगाळतं," त्या मला पडद्यावर बोट ठेवून दाखवत होत्या. "तिथे. मुख्य धारेत तो टिकणार नाही. तुझं काय?"

"मला सांगता येत नाही."

"चहाच्या वेळी सांग," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी त्या चहाला थांबल्या नाहीत. दिनकरराव रिक्षा घेऊन आले होते. जिन्यावरून उतरताना एका हाताने कठडा धरून त्यांनी मला बजावलं, "याला महिने लागतील. कोणी म्हणालं की यात काहीच होत नाही, पंप मोकळा करा, तर करू नकोस."

त्यानंतर त्या प्रयोगशाळेत आल्या नाहीत. मी पंचवटीत त्यांच्याकडे जायचे. पलंगावर उशीला टेकून त्या मोबाइलवर मी पाठवलेले फोटो मोठे करून बघायच्या. फोटोंत काही बदल नसायचा. "छान," त्या म्हणायच्या. "काही नाही हेही नीट दिसतंय." संक्रांत झाल्यावर थोड्याच दिवसांत, सकाळी, दिनकरराव शेजारी वर्तमानपत्र वाचत असताना त्या गेल्या. रामकुंडावर अस्थी सोडून परत आल्यावर पोपटराव माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "त्या सभेत तिने सांगितलं नसतं तर आम्हाला कधीच कळलं नसतं. आम्ही म्हणालो असतो, नशीब." एवढंच बोलून ते गावी गेले.

पंप मी चालू ठेवला. उन्हाळा लागता लागता एका सकाळी मी सवयीने पडद्याकडे पाहिलं आणि काहीतरी वेगळं वाटलं. मी जवळ जाऊन बसले. पांढरं, लहान, कडा सरळ. कोपऱ्यांत काहीही नव्हतं. ते धरलं होतं मुख्य धारेच्या मधोमध, एका काळ्या कणाच्या कडेला, जिथे पाणी सगळ्यांत वेगाने जात होतं. मी फोकस बदलून, उजेड फिरवून, पुन्हा पुन्हा खात्री केली. ते तिथेच होतं.

दिनकररावांना फोन केला. दुकान कामावरच्या पोराच्या हवाली करून ते अर्ध्या तासात आले, अंगाला बियाण्यांच्या औषधाचा वास, पायात चपला. त्यांनी प्रयोगशाळेत कधी फारसं काही बघितलं नव्हतं. मी त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि तो ठिपका दाखवला.

"हाच का?"

"हाच."

"ती म्हणाली होती तिथेच आला?"

"नाही. त्या म्हणाल्या होत्या त्याच्या अगदी उलट आला. असा का आला ते मला अजून कळलेलं नाही."

ते त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला.

"मग आज ती घरी जेवायला आलीच नसती," ते म्हणाले, आणि खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढून बसले.